चेरोकी भाषा, पूर्वजांच्या रीती आणि परत मिळवलेली ओळख : आधी काय?

मुक्ता_टल्सा
ऑफिसमधली माझी एक मैत्रीण नोकरी सोडून दोन वर्षं पूर्णवेळ चेरोकी शिकायला चाललीय. ती चेरोकी नेशनची, म्हणजे ओक्लाहोमातल्या चेरोकी आदिवासींच्या स्वशासित राष्ट्राची, नागरिक आहे. त्यांची राजधानी टालेक्वाह, इथून टल्साहून गाडीने साधारण सव्वा तास. तिथे मोठ्यांसाठी कार्यक्रम आहे, आठवड्याला ४० तास, म्हाताऱ्या भाषकांसोबत बसायचं आणि शक्य तितकं सगळं चेरोकीतूनच करायचं, शिकणाऱ्याला मानधन मिळतं. तिच्या आजीला भाषा यायची, आईला नुसती समजायची आणि हिच्यापर्यंत काहीच पोचलं नाही. आजीच्या पिढीतल्या पुष्कळ मुलांना निवासी शाळांमध्ये आपली भाषा बोलली म्हणून मार बसलाय, त्यांनी मग आपल्या लेकरांना ती शिकवलीच नाही.

चेरोकी नेशनचे नागरिक साडेचार लाखांच्या वर आहेत आणि जन्मापासून भाषा बोलणारे उरलेत २००० हूनही कमी, तेही बहुतेक साठीच्या पुढचे. २०१९ मध्ये तिन्ही चेरोकी शासनांनी (चेरोकी नेशन, युनायटेड कीटूवाह बँड आणि नॉर्थ कॅरोलायनातला ईस्टर्न बँड) मिळून भाषेसाठी आणीबाणी जाहीर केली.

माझं मत असं की आधी भाषा, बाकी सगळं तिच्या मागून येतं. पण ऑफिसातल्याच दुसऱ्या एका चेरोकी सहकाऱ्याला हे पटत नाही, तो म्हणतो मला भाषा येत नाही पण मी लहानपणापासून आमच्या पवित्र अग्नीच्या जागी नाचायला जातो, मी काय कमी चेरोकी आहे का? तुम्हाला काय वाटतं? घरात भाषा मिळालीच नाही अशा माणसाने ओळख परत मिळवायची म्हणजे सुरुवात कुठून करायची?

धनुकाका
वाचतोय. छान विषय काढलास मुक्ता. पण माझ्यासारख्याला चेरोकी म्हटलं की जीपच आठवते. हे लोक मूळचे ओक्लाहोमाचेच का? कुणीतरी थोडक्यात सांगा रे.

अटलांटाकर
काका, मूळचे आमच्या बाजूचे. जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ आणि साउथ कॅरोलायना, अलाबामाचा भाग, सगळा ॲपलेचियन डोंगरपट्टा. अटलांटाहून उत्तरेला गाडीने तासाभराच्या थोडं पुढे न्यू इकोटा म्हणून जागा आहे, ती त्यांची तेव्हाची राजधानी. आपली मंडळी वीकेंडला सफरचंदं तोडायला त्याच दिशेने जातात पण तिथे थांबताना फारसं कुणी दिसत नाही. जरूर थांबा.

सिक्वोया नावाच्या चांदीकाम करणाऱ्या माणसाने, ज्याला दुसरी कुठलीच भाषा वाचता येत नव्हती, १८२१ च्या सुमाराला एकट्याने आपल्या भाषेची लिपी तयार केली. लोकांना वाटलं हा चेटूक करतो. मग त्याने आपल्या छोट्या मुलीला, आयोकाला, लांब उभं करून पंचांसमोर चिठ्ठ्या वाचून दाखवायला लावल्या तेव्हा कुठे विश्वास बसला. काही वर्षांत घराघरात लोक वाचायला लागले आणि फेब्रुवारी १८२८ मध्ये न्यू इकोटाला 'चेरोकी फीनिक्स' हे वर्तमानपत्र निघालं, चेरोकी आणि इंग्रजी दोन्हीत. आपलं 'दर्पण' १८३२ चं, म्हणजे त्याच्याही आधी चार वर्षं.

आणि हे सगळं असूनही, म्हणजे लिखित संविधान, कोर्ट, छापखाना, शेतीवाडी सगळं असूनही १८३० च्या कायद्याने त्यांना हुसकायचं ठरलं. १८३२ ला सुप्रीम कोर्टाने जॉर्जियाच्या विरोधात निकाल दिला तो कुणी पाळला नाही. १८३५ मध्ये मूठभर लोकांच्या सह्या घेऊन करार झाला, मुख्य प्रमुख जॉन रॉस आणि बहुसंख्य लोक त्याच्या विरोधात होते. त्याच वर्षी जॉर्जिया गार्डने छापखाना जप्त केला. १८३८-३९ ला साधारण १६ हजार लोकांना पश्चिमेकडे हाकललं, त्यात चार हजारांच्या आसपास माणसं गेली असं सहसा सांगितलं जातं. न्यू इकोटाच्या उत्खननात त्या छापखान्याचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, सापडलेत. मी ते काचेपलीकडून बघितले आणि खरं सांगतो, पाय निघेना तिथून.

डोंगरात लपून राहिले आणि काही ना काही मार्गाने मागे टिकले त्यांचे वंशज म्हणजे आजचा ईस्टर्न बँड.

शेवंती
+१ अटलांटाकर. मुलांना घेऊन जाणार.

मुक्ता, मी न्यू जर्सीत मराठी शाळेत शिकवते. तुझा प्रश्न वाचून आधी वाटलं हे तर आपलंच दुखणं आहे, पण मग लक्षात आलं की नाही, तसं म्हणणं बरोबर होणार नाही. माझ्या वर्गातल्या पंधरा मुलांनी उद्या मराठी सोडली तरी कोल्हापुरात भाजीवाली मराठीतच भाव सांगणार आहे, आठ कोटी लोक पाठीशी आहेत. चेरोकीला दुसरं कोल्हापूर नाही. टालेक्वाहच्या आसपासच्या गावांत आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या त्या डोंगरात जे काय आहे तेवढंच. म्हणून माझं मत तुझ्याच बाजूने, आधी भाषा. बी पेरायला दहा वर्षांनीही जमेल, नाचाची जागा दहा वर्षांनीही असेल, भाषा बोलणारी ८० वर्षांची बाई मात्र नसेल.

सातपुडा
असहमत. म्हणजे भाषा महत्त्वाची आहेच, पण "आधी" हा शब्द मला खटकतो.

चेरोकींची भाषा एवढी का आटली? ते बोलायला कंटाळले म्हणून नव्हे. ओक्लाहोमात आल्यावरही त्यांच्या स्वतःच्या शाळा होत्या, स्वतःचं सरकार होतं, १८५१ ला मुलींची उच्चशाळासुद्धा काढली होती. १८९८ चा कर्टिस कायदा आला, सामाईक जमिनीचे तुकडे करून माणशी वाटले, त्यांची कोर्टं बंद केली, आणि १९०७ ला ओक्लाहोमा राज्य झालं. त्यानंतर कित्येक दशकं त्यांचा प्रमुख कोण हे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ठरवायचा. लोकांनी मतदान करून प्रमुख निवडायला पुन्हा सुरुवात झाली ती १९७० च्या कायद्यानंतर, १९७१ ला. स्वतःची शाळा गेली, जमीन गेली, मग भाषा कुठे बोलायची?

आणि आज भाषेचं जे काम दिसतंय ते सत्ता परत हातात आल्यामुळे दिसतंय. पैसा त्यांचा, कायदा त्यांचा, शाळा त्यांची. आमच्या मेळघाटात कोरकू बोलणारी पोरं पहिलीत येतात आणि गुरुजी मराठीत सुरू होतात, पोर महिनोन् महिने गप्प बसतं. मी हे डोळ्यांनी बघत मोठा झालोय. गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेत जवळपास ३० लाख आहेत, चेरोकीच्या कैक पट, पण गोंडीतून शाळा चालवायची म्हटलं की ग्रामसभेला झगडावं लागतं. त्यामुळे आधी हक्क, मग भाषा.

भाषावेडा
सातपुडा, प्रतिसाद आवडला. पण हक्क मिळाल्यावर माणूस बोलायला आपोआप लागत नाही, त्यासाठी कुणीतरी बसून शिकावंच लागतं, आणि ही भाषा शिकणं म्हणजे काय चीज आहे ते सांगतो.

लिपीपासूनच. ८५ चिन्हं, एक 's' सोडला तर प्रत्येक चिन्ह म्हणजे एक अख्खं अक्षर. आपल्या बाराखडीत 'क' ओळखला की का-की-कू जमतं, तिथे का, की, कू ह्या तिघांचा चेहऱ्यामोहऱ्याचा काही संबंध नाही. तरी लिपी हा सोपा भाग. अवघड आहे क्रियापद. "दे" म्हणायचं तर काय द्यायचंय त्यावर क्रियापद बदलतं: जिवंत प्राणी असेल तर एक, पाणी वगैरे पातळ असेल तर दुसरं, कापडासारखं लवचीक असेल तर तिसरं, काठीसारखं लांब ताठ असेल तर चौथं आणि बाकी घट्ट वस्तूंना पाचवं. वर सुरांचे चढउतार. एका क्रियापदाच्या पोटात कोण, कुणाला, कधी सगळं बसतं.

मराठी माणसाला एक गोष्ट मात्र घरची वाटेल, आपला 'आपण' आणि 'आम्ही' मधला फरक त्यांच्याकडे आहे, इंग्रजी बोलत वाढलेल्या चेरोकी मुलांना तोच फार जड जातो म्हणे. ओठ मिटून म्हणायचे प-फ-ब-भ नाहीत, फक्त 'म' आणि तोही थोड्या शब्दांत.

अवलिया७
प नाही म्हणजे तिकडे कुणाचा पोपट होत नसणार 😀 सुखी लोक!

भाषावेडा
😀😀

कोरा_कागद
एक बाळबोध प्रश्न. आमच्या शेजारचा गोरा माणूस सांगतो की त्याची पणजी चेरोकी होती. डीएनए टेस्ट करून आलाय. मग तोही ओळख परत मिळवतोय असं म्हणायचं का?

मुक्ता_टल्सा
@कोरा_कागद, बाळबोध अजिबात नाही, इथे ह्यावरून खूप दुखावलेली माणसं आहेत. अमेरिकेत "माझी पणजी चेरोकी" असं सांगणारे इतके आहेत की २०१० च्या जनगणनेत स्वतःला चेरोकी लिहिणारे आठ लाखांच्या वर निघाले. नागरिकत्व मात्र डीएनएवर मिळत नाही. शंभरेक वर्षांपूर्वी जमीनवाटपासाठी डॉज याद्या केल्या होत्या, त्यात पूर्वजाचं नाव आहे हे कागदाने दाखवावं लागतं. सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी २०१८ ला डीएनएचा निकाल जाहीर केला तेव्हा चेरोकी नेशनने उघड नाराजी दाखवली होती. माझी मैत्रीण म्हणते, चेरोकी असणं म्हणजे तुमचे नातेवाईक कोण आणि ते तुम्हाला ओळखतात का, थुंकीच्या नळीतून ते कळत नाही.

निळावंती
ह्यात एक बाजू राहते म्हणून लिहिते. चेरोकींमध्ये काही श्रीमंत कुटुंबांनी कृष्णवर्णीय माणसं गुलाम म्हणून ठेवली होती, हद्दपारीच्या वाटेवर ती माणसंही चालली. १८६६ च्या करारात त्या मुक्त झालेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना नागरिकत्वाचे हक्क दिले, मग पुढे ते नाकारायचे प्रयत्न झाले, २०१७ ला फेडरल कोर्टाने वंशजांच्या बाजूने निकाल दिला आणि २०२१ ला चेरोकी नेशनच्याच सुप्रीम कोर्टाने संविधानातला "रक्ताने" हा शब्द काढून टाकला. ओळख परत मिळवायची तर हेही बरोबर घ्यावं लागतं, आणि त्यांनी ते घेतलं ह्याचा मला फार आदर वाटतो.

रानजाई
मुक्ताच्या त्या दुसऱ्या सहकाऱ्याच्या बाजूने कुणीच बोलत नाहीये, मी बोलते. मी बियाण्यांवर काम करते (नगर जिल्ह्यात, देशी वाण) त्यामुळे माझा कल तिकडेच.

चेरोकी नेशनची स्वतःची बियाणे बँक आहे. जुन्या वाणांचा मका, घेवडा, भोपळे, दुधीसारखी फळं, तंबाखू, आणि दर वर्षी नागरिकांना घरी लावायला बी फुकट पाठवतात. २०२० मध्ये त्यांनी नऊ वाण नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बियाणे तिजोरीत ठेवले, अमेरिकेतल्या आदिवासी राष्ट्रांपैकी पहिलेच. त्यात व्हाइट ईगल नावाचा पांढऱ्या-निळ्या दाण्यांचा मका आहे.

आता बघा, ज्या माणसाला एक वाक्य चेरोकी येत नाही तो हा मका परसात लावतो, कणीस आल्यावर म्हातारीला फोन करून विचारतो की आता काय करू, राख घालून कसं शिजवू. संवाद तिथे सुरू झाला ना? शब्द मागून येतील. नोकरी सोडून दोन वर्षं शिकायला बसणं कितीजणांना परवडणार? लेकुरवाळ्या बाईने काय करायचं?

शेवंती
@रानजाई, हो, हा मुद्दा पटला, लेकुरवाळीचा. पण म्हणूनच तर मानधन देतात ना. आणि म्हातारी फोनवर उत्तर इंग्रजीतच देणार की!

गोदाकाठ
मला एक शंका. "पूर्वजांच्या रीती" म्हणतोय आपण, पण मी वाचलं की चेरोकी भाषा टिकली त्यात बाप्टिस्ट चर्चचा मोठा वाटा आहे, चेरोकी बायबल, चेरोकी भजनं. मग मिशनऱ्यांनी आणलेला धर्म पूर्वजांचा कसा? का त्यातलं भाषेपुरतं घ्यायचं आणि बाकी सोडायचं?

निळावंती
@गोदाकाठ, ह्यावर तिथले लोक स्वतःच एकमेकांशी वाद घालतात, पण "खरं" आणि "उसनं" अशी रेघ मारणं मला जमत नाही. १८३८ च्या वाटेवर लोकांनी जी भजनं म्हटली ती चेरोकीत होती. नवा करार १८६० ला पूर्ण चेरोकीत छापला गेला. ओक्लाहोमातल्या खेड्यांतल्या चर्चमध्ये पिढ्यान् पिढ्या प्रार्थना, प्रवचन, सभेचं कामकाज चेरोकीत चाललं, शाळेत बंदी होती तेव्हासुद्धा. पणजीच्या तोंडचं भजन हे नातीसाठी पूर्वजांचंच.

आणि दुसरीकडे त्याच लिपीत वैदूंनी वह्या लिहिल्या. औषधं, मंत्र, कुठल्या दुखण्याला काय म्हणायचं. १८८० च्या दशकात स्मिथसोनियन ह्या अमेरिकी संशोधन संस्थेच्या जेम्स मूनींना नॉर्थ कॅरोलायनात अयुनिनी (इंग्रजीत स्विमर) नावाच्या वैदूने आपली वही दाखवली होती. म्हणजे सिक्वोयाची अक्षरं बायबललाही कामी आली आणि मंत्रांनाही.

नाचाबद्दल मुक्ताने फक्त उल्लेख केला. त्याला स्टॉम्प डान्स म्हणतात. रात्रभर अग्नीभोवती, घड्याळाच्या उलट दिशेने फेर धरून, पुरुष पुढून गाणं टाकतात आणि मागचे उचलतात, बायका पोटऱ्यांना कासवाच्या कवचांची, आत खडे घातलेली, खुळखुळी बांधून ठेका धरतात. ठेका बायकांच्या पायात असतो, त्या थांबल्या की गाणं थांबलं. जमीन वाटपाच्या काळात रेडबर्ड स्मिथ ह्यांनी जुन्या रीती पाळणाऱ्या कीटूवाह लोकांना घेऊन हे अग्नी पुन्हा पेटवले, वाटणीला विरोध केला, जुने वॅम्पम पट्टे (शिंपल्यांच्या मण्यांचे, ज्यांत जुनी शिकवण जपलेली असते) वाचून घेतले. १९१८ मध्ये ते गेले पण ते अग्नी आजही आहेत. हा कार्यक्रम पर्यटकांसाठी नाही, फोटो काढायचे नसतात, कुणी बोलावलं तर जायचं आणि सांगतील तसं वागायचं.

माझं म्हणणं इतकंच की मुक्ताचा सहकारी कमी चेरोकी नाही. पण तो जी गाणी म्हणतो ती चेरोकीत आहेत, त्यामुळे त्याच्या तोंडात भाषा आहेच, फक्त त्याला अजून ती उलगडलेली नाही.

सातपुडा
निळावंती, शेवटचं वाक्य 👌

अवलिया७
मी जरा व्यवहाराचं बोलतो, राग मानू नका. दोन वर्षं शिकून पुढे काय? दोन हजार लोकांशी बोलता येईल, त्यातले निम्मे ऐंशीचे. करिअरमध्ये गॅप, अमेरिकेत आरोग्य विमा नोकरीला चिकटलेला. भावना समजते पण मैत्रिणीला हे कुणी विचारलं का?

मुक्ता_टल्सा
@अवलिया७, राग कशाला, तिच्या आईनेच विचारलं. पुढे काम आहे, आणि माणसं कमी पडतायत. २००१ मध्ये टालेक्वाहला लहान मुलांची चेरोकी माध्यमाची शाळा सुरू झाली. सगळे विषय चेरोकीत. अडचण अशी झाली की मुलं शाळेत बोलायची आणि घरी आली की आईबाप इंग्रजीत, कारण मधल्या पिढीला भाषाच नाही. आजीआजोबा आणि नातवंडं ह्यांच्यामधली पायरीच गायब. म्हणून मग मोठ्यांचा कार्यक्रम काढला, त्यातून शिकलेले लोक शाळेत शिक्षक होतात, भाषांतर विभागात जातात, रेडिओवर कार्यक्रम करतात. भाषांतर विभाग म्हणजे गंमत नाही, आयफोनमध्ये २०१० पासून चेरोकी कळफलक आहे, जीमेल २०१२ ला चेरोकीत आलं, ते ह्याच लोकांच्या पाठपुराव्याने.

पैशाचंही सांगते कारण सातपुडांनी काढलं होतं. २०१९ ला डर्बिन फीलिंग यांच्या नावाने कायदा केला, १६ मिलियन डॉलर्स भाषेसाठी, त्यातला काही भाग नेशनच्या स्वतःच्या उद्योगांच्या नफ्यातून, म्हणजे कॅसिनो वगैरे. फीलिंग हे भाषाशास्त्रज्ञ, त्यांचा चेरोकी-इंग्रजी कोश १९७५ चा, मैत्रिणीच्या टेबलावर तोच असतो. ते २०२० ला गेले. त्यांच्या नावाचं भाषा केंद्र २०२२ ला उघडलं, आणि म्हाताऱ्या भाषकांसाठी केंद्राजवळ घरं बांधलीत, म्हणजे शिकणाऱ्याला शेजारीच आजी मिळते. कोविडच्या लशी पहिल्यांदा आल्या ना, डिसेंबर २०२० मध्ये, तेव्हा अगदी पहिल्या गटात चेरोकी नेशनने अस्खलित भाषकांना घेतलं होतं, दवाखान्यातल्या लोकांबरोबर. त्या वर्षी बरेच भाषक गेले होते.

धनुकाका
लशीचं वाचून अंगावर काटा आला. कुठल्या सरकारने भाषा येते म्हणून माणसाला आधी लस दिल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

कोरा_कागद
अवांतर: आम्ही गेल्या उन्हाळ्यात स्मोकीजला (ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्क) गेलो होतो, क्लिंगमन्स डोम शिखरावर. आता पाटीवर वेगळंच नाव होतं.

अटलांटाकर
कुवोही. सप्टेंबर २०२४ ला अधिकृतपणे जुनं चेरोकी नाव परत दिलं, मागणी ईस्टर्न बँडची होती. त्या पार्कातलं सर्वात उंच शिखर. जवळच त्यांचं मूळ गाव मानतात ते कीटूवाह, तिथला मातीचा उंचवटा त्यांनी १९९६ मध्ये जमीन विकत घेऊन परत मिळवला. विमानाची धावपट्टी होती त्या शेतात पूर्वी! आता ईस्टर्न बँडच्या मुलांच्या चेरोकी शाळेचं नावही न्यू कीटूवाह अकॅडमी आहे. अवांतर नाही हो हे, धाग्याचाच विषय आहे.

सातपुडा
बघा, जमीन परत, नाव परत, शाळा. मी काय म्हणत होतो.

शेवंती
सातपुडा, पण त्या उंचवट्यावर उभं राहून चेरोकीत बोलणारे ईस्टर्न बँडमध्ये दोनशेच्याही आतच उरलेत. मी माझं मत सोडत नाही.

सातपुडा
सोडू नका. मीही सोडत नाही. मेळघाटात तुमच्यासारख्या बाई असत्या तर बरं झालं असतं एवढं मात्र म्हणतो.

मुक्ता_टल्सा
हा धागा मैत्रिणीला काल जेवताना तोंडी भाषांतर करून सांगितला, अर्धा तास लागला. रानजाईचं मक्याचं ऐकून ती म्हणाली बियाणं तिनेही मागवलंय. पण "आधी काय" ह्यावर तिचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं आलं. ती म्हणाली की ज्याच्या हाताशी जे अजून जिवंत आहे त्याने तिथून सुरू करावं. तिच्या घराण्यात नाचाची जागा राहिली नाही, टोपल्या विणणारं कुणी नाही, पण आईची एक चुलती ८० च्या पुढची आहे आणि ती चेरोकी बोलते, तर तिच्यासाठी भाषा. त्या सहकाऱ्याकडे अग्नी आहे, त्याच्यासाठी अग्नी. मला "आधी भाषा" म्हणायचा मोह अजूनही होतो, पण चुलती जोवर आहे तोवरच्या घाईतून तो येतोय हे कळतं.

रानजाई
वाडो (चेरोकीत धन्यवाद), मैत्रिणीला सांग. आणि मका पेरताना घेवडा आणि भोपळा सोबत लावायला सांग, एकटा नको. घेवडा मक्यावर चढतो, भोपळा जमीन झाकतो, तण येत नाही.

धनुकाका
मुक्ता, मुलगा डॅलसला असतो, लेबर डेच्या सुट्टीत मी तिकडेच आहे. टालेक्वाह बघायचं तर काय बघावं?

मुक्ता_टल्सा
काका, एकदम योग्य वेळ! त्याच सुट्टीत तिथे चेरोकी नॅशनल हॉलिडे असतो, १८३९ च्या संविधानाची आठवण म्हणून. शनिवारी सकाळी परेड. गावातल्या रस्त्यांच्या पाट्या चेरोकीतही आहेत त्या बघा, जुन्या सुप्रीम कोर्टाच्या इमारतीत संग्रहालय आहे, तिथे छापखान्याची माहिती मिळेल. हॉटेलं मात्र फार आधी भरतात, आत्ताच बुक करा, नाहीतर टल्साला आमच्याकडे उतरा. पोहे करते.

धनुकाका
उतरतो. लिंबू मी आणतो.